पाऊस, कौलं आणि गिटार: प्रोसेसरमधून रेकॉर्ड करावं की प्लग-इनमधून?

कलमांतला_गिटारवाला | ९ जून, रात्री १०:२०

मंडळी, मी देवगड तालुक्यातला. आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या, झेले धुऊन माळ्यावर टाकले, आता गणपतीपर्यंतचे दिवस माझे. दरवर्षी या दिवसांत गिटार नुसती वाजवतो, यंदा रेकॉर्ड करायची आहे. वाडीच्या भजनी मंडळाच्या तीन चाली घेतल्यात. त्यांच्यामागे गिटार बसवून चाकरमानी आले की ऐकवायचा विचार आहे.

सामान: सिंगल कॉइलची स्ट्रॅटसारखी गिटार, दोन पायबटणांचा गिटारचा आवाज रंगवणारा छोटा मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यात रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). प्रोसेसरच्या हेडफोनमधून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमध्ये घातली आहे. हसू नका.

त्रास असा की गिटार मांडीवर गप्प असली तरी घुंऽऽ चालूच. तारांना हात लावला की कमी होतं, सोडला की परत. डिस्टॉर्शन लावलं तर काडेपेटीत कोंडलेली गांधीलमाशी. कुणीतरी म्हणालं प्लग-इन वापर, म्हणून अ‍ॅम्पचं एक फुकट प्लग-इन (रीपरमध्ये बसणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकलं. तर माशीला जोडीदार मिळाला, वर सूर छेडल्यावर जरा वेळाने ऐकू यायला लागला. ताल धरवत नाही.

हा प्रोसेसर विकून मोठा घेऊ, की प्रोसेसरचा नाद सोडून प्लग-इनवरच जाऊ? यंदा आंबा बेताचाच होता, तेव्हा ‘दोन्ही घ्या’ असं सांगू नका.

मालवणी_खाजा | ९ जून, रात्री १०:४१

माका गिटारातला काय कळणा नाय, पण काडेपेटीतली गांधीलमाशी आवडली. बसलंय हय, चालू देत.

पायपेटी | ९ जून, रात्री ११:०५

मोठा प्रोसेसर घ्या आणि सुटा. मी रत्नागिरीकडे ऑर्केस्ट्रात वाजवतो, हळदीपासून नवरात्रापर्यंत. बटण दाबलं की आवाज हजर, आणि घरी आल्यावर यूएसबीची वायर लावली की तोच डबा रेकॉर्डिंगला. घेताना एक बघा: यूएसबीचं तोंड आहे म्हणजे त्यातून ऑडिओ जातोच असं नाही. बॉसचा जीटी-१ किंवा लाइन सिक्सचा पॉड गो यूएसबीवरून ऑडिओ देतात, झूमच्या जी-वन फोरचं यूएसबी पॅच (साठवलेले आवाज) बदलायला आणि फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) टाकायला आहे. तुम्ही हेडफोनमधून वायर काढलीत म्हणजे तुमचा दुसऱ्या जातीचा असणार.

प्लग-इनच्या भानगडीत पडू नका. विंडोज अपडेट झालं की दुकान बंद.

प्लगिन_पंत | ९ जून, रात्री ११:३२

गुहागरचा, सध्या पुण्यात. पायपेटीशी कडकडून असहमत.

स्टेजवर डबा ठीक आहे. घरी एकदा त्यातून आवाज छापला की तो छापला. आठ दिवसांनी वाटलं डिस्टॉर्शन जास्त झालं, तर पुन्हा वाजवा. प्लग-इनमध्ये कोरी गिटार रेकॉर्ड होते, रंग नंतर. आज एक अ‍ॅम्प, उद्या दुसरा, वाजवणं तेच. आणि फुकटात किती मिळतं बघा: गिटार रिगचा प्लेअर आहे, न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर आहे, रीपरचे स्वतःचे गेट, इक्वलायझर, कन्व्होल्यूशन आहेत. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतो.

पायपेटी | ९ जून, रात्री ११:४०

साठ दिवसांनी?

प्लगिन_पंत | ९ जून, रात्री ११:४३

साठ दिवसांनी तो खिडकी दाखवतो आणि तुमच्या मनाला लाज आहे का ते बघतो. घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. मी घेतलाय. हलके घ्या.

तारवाला | १० जून, सकाळी ७:१५

तुमचं भांडण वाचून शिमग्याची आठवण झाली. पालखी आधी कुणाच्या दारात यावर रात्रभर वाद, आणि सकाळी बघावं तर भोईच नाहीत.

मी चिपळूणचा. तीस वर्षं वायरिंग केलं, गिटार येत नाही. पण घुंऽऽ हे माझ्या धंद्यातलं आहे. धागाकर्त्याने आज एवढं करून इथे लिहावं. लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर ऐका. प्रोसेसरमध्ये सेल बसत असतील तर अडॅप्टर काढून सेलवर ऐका. मग गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरा, देवाला प्रदक्षिणा घालतो तसे, आणि आवाज कुठे वाढतो, कुठे मरतो ते बघा. आणि चार्जर लावलेला असताना लॅपटॉपला हात लागल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं झालंय का ते आठवून सांगा. मुद्दाम हात लावायला जाऊ नका.

कलमांतला_गिटारवाला | १० जून, रात्री ९:५०

काका, केलं सगळं. चार्जर काढल्यावर निम्म्याहून जास्त घुंऽऽ गेलं. प्रोसेसर चार सेलवर घेतल्यावर आणखी थोडं. गोल फिरलो तर खिडकीकडे तोंड केल्यावर जवळपास शांत, फ्रिजच्या बाजूला वळलो की परत. बायको म्हणाली, आता अंगात येणार वाटतं.

मुंग्या येतात. कायम येतात. मला वाटायचं दमट हवेमुळे.

खोली म्हणजे आमची पडवी बंद करून केलेली. माजघरातल्या जुन्या दोन भोकांच्या प्लगवरून एक्स्टेन्शन ओढलंय. त्या बोर्डाला तीन भोकं आहेत, पण तिसरं कुठे जातं देव जाणे.

तारवाला | ११ जून, सकाळी ६:५५

तिसरं कुठेच जात नाही. तोच तुमचा प्रोसेसर, तेच तुमचं प्लग-इन.

आता नीट वाचा. तीन पिनांच्या चार्जरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थच्या पिनेकडे बारीक कपॅसिटर असतात, आतला कचरा जमिनीत सोडायला. अर्थच नसेल तर कचरा जाणार कुठे? लॅपटॉपचा पत्रा तरंगत राहतो, मीटर लावला तर २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्ट दाखवतो. करंट फार थोडा, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. तोच कचरा वायरच्या जाळीतून तुमच्या गिटारीच्या तारांपर्यंत पोचतो. चार्जर काढल्यावर गेला तो हा भाग.

प्रदक्षिणेत कमी-जास्त होतो तो दुसरा भाग. गिटारीचं पिकअप म्हणजे चुंबकावर हजारो वेढ्यांची तार, ट्रान्सफॉर्मरची अर्धी भावंडंच ती. फ्रिजच्या मोटरचं, ट्यूबच्या चोकचं चुंबकी क्षेत्र ती पकडते. यावर अर्थिंगचा इलाज नाही. फ्रिजपासून लांब बसा, खिडकीकडे तोंड करून वाजवा.

आणि तारांना हात लावल्यावर कमी होतं तो तिसरा भाग. तुमचं शरीरच आजूबाजूच्या वायरिंगचा अँटेना झालेलं असतं, तारेला हात लावला की ते गिटारीच्या ग्राउंडला जोडलं जातं. गिटारीच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवून शिल्डिंग करतात म्हणे, ते गिटारवाल्यांनी सांगावं.

पहिलं काम: परवानाधारक वायरमन बोलवून मेन बोर्डापासून पडवीपर्यंत अर्थची वायर ओढून घ्या, आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. उलट उपाय सांगणारे खूप भेटतील, अर्थची पिन तोडा, घुंऽऽ जाईल. जाईल कधीकधी. त्यानंतर एक हात गिटारीच्या तारेवर आणि ओठ माइकला लागले की माणूसही जाईल. असलं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

प्लगिन_पंत | ११ जून, सकाळी ९:१०

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक पुरवणी. लोक म्हणतात, इक्वलायझरने ८० हर्ट्झच्या खालचं कापा, घुंऽऽ जाईल. अर्धवट खरं. गिटारीची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, त्यामुळे आपल्या विजेचं ५० हर्ट्झ कापलं तर गिटारीचं काही जात नाही. पण घुंऽऽ एकट्या ५० चं नसतं, १००, १५०, २०० असे त्याचे नातेवाईक वर गिटारीच्या घरात राहायला आलेले असतात. त्यांना कापलं तर गिटारही कापली जाते. म्हणून मुळातच कमी करायचं. हमबकर पिकअप त्यासाठीच निघालं, १९५५ साली गिब्सनमध्ये: दोन कॉइल, उलटे वेढे, उलटे चुंबक, दोघांतलं घुंऽऽ एकमेकांना मारतं.

पायपेटी | ११ जून, सकाळी ९:३०

म्हणजे प्रोसेसर विकायला नको हे तरी मान्य?

प्लगिन_पंत | ११ जून, सकाळी ९:३४

विकायला नको. वापरायचा कसा ते सांगतो, पण आधी धागाकर्त्याने एक कबूल करावं. प्लग-इन वापरलं तेव्हा प्रोसेसरमधला अ‍ॅम्प चालू होता का?

कलमांतला_गिटारवाला | ११ जून, दुपारी १:१५

होता की. चांगला पॅच लावला होता, ‘हाय गेन’ म्हणून. वर प्लग-इनमध्ये दुसरा अ‍ॅम्प.

प्लगिन_पंत | ११ जून, दुपारी २:०२

सापडली माशी.

गिटारचा अ‍ॅम्प म्हणजे नुसता वाढवणारा डबा नाही, त्याच्या पुढे बारा इंची स्पीकर असतो. हा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने झोपतो. डिस्टॉर्शनमधून निघणारी सगळी चरचर त्याच्या वर असते, ती स्पीकर गिळतो. उरतं ते आपल्याला ‘गिटारचा आवाज’ म्हणून माहीत आहे. प्रोसेसरमध्ये, प्लग-इनमध्ये या स्पीकरची नक्कल करणारा भाग असतो, कॅब किंवा आयआर म्हणतात. आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, एखाद्या स्पीकरसमोर माइक ठेवून त्याचा स्वभाव एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये टिपलेला असतो.

कॅब नसला तर गांधीलमाशी. तुम्ही केलंत त्यात दोन अ‍ॅम्प, दोन कॅब. पहिल्या अ‍ॅम्पने चिरडलेला सूर दुसऱ्याने पुन्हा चिरडला, आणि एका कॅबमधून दुसऱ्या कॅबमध्ये बोललं की आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. नियम सोपा: साखळीत अ‍ॅम्प एक, कॅब एक. प्रोसेसरचा वापरायचा तर प्लग-इनचा बंद, आणि उलट.

आणि तो माइकचा जॅक आजच सोडा. तो एका वाहिनीचा, बोलण्यासाठी केलेला. माइकला चालवायला स्वतःच थोडे व्होल्ट बाहेर सोडतो. हेडफोनचा जोरकस सिग्नल त्यात घातला की तिथेच फुटतो, आणि बऱ्याच लॅपटॉपांत गोंगाट कमी करायच्या नावाखाली ड्रायव्हर तुमच्या लांबवलेल्या सुराची शेपटीही खातो. तो सूर गोंगाट वाटतो त्याला.

जुना_ऑर्केस्ट्रावाला | ११ जून, संध्याकाळी ६:४०

या स्पीकरच्या मुद्द्याने तीस वर्षांपूर्वीचा मांडव आठवला. आमच्याकडे अ‍ॅम्प नव्हता. दोन डिस्टॉर्शन पेडल होती, ती थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. कर्ण्यातून जे बाहेर पडायचं त्याला आम्ही ‘रॉक’ म्हणायचो आणि गावकरी ‘रॉकेल संपलेला स्टो’ म्हणायचे. स्पीकर हा वाद्याचा भाग असतो हे कुणी सांगितलं नाही.

तिकडे तोवर हे प्रश्न सुटत होते. १९८९ साली सॅन्सअ‍ॅम्प नावाची अ‍ॅनालॉग पेटी आली, अ‍ॅम्पशिवाय थेट मिक्सरमध्ये जायला. १९९५ मध्ये रोलंडचा व्हीजी-८, त्यात अ‍ॅम्पचं गणित डिजिटल केलेलं. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा पॉड, लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा. मी तो पहिल्यांदा मुंबईत एका ओळखीच्याकडे पाहिला आणि खोटं वाटलं की एवढ्याशा दाण्यात इतके अ‍ॅम्प. आज तुमच्या दोन बटणांच्या डब्यात त्याच्या पुढचं आहे, तेव्हा विकायची घाई नको.

समुद्रकाठची | ११ जून, रात्री १०:०८

मी हर्णैजवळ राहते, गाते आणि अकूस्टिक गिटार वाजवते. धाग्याचा फायदा घेऊन विचारते. आमचं घर कौलारू, भिंती जांभ्याच्या. पाऊस सुरू झाला की कौलांवरचा आवाज माइकमध्ये माझ्या आवाजाहून मोठा. ओसरला की बेडूक, बेडूक दमले की रातकिडे. गिटारीत पिएझो पिकअप आहे, पण ती थेट लावली की तार प्लास्टिकची वाटते. मी काय करू?

प्लगिन_पंत | १२ जून, सकाळी ८:२०

ताई, पावसाळ्यात इलेक्ट्रिकवाल्यांची चंगळ ती हीच. पिकअपला पाऊस ऐकू येत नाही. कौलांवर नगारा वाजत असताना वायरीतून कोरी गिटार येते. अ‍ॅम्प आणि माइकवाल्यांना हे सुख नाही, आणि रात्री दोनला शेजारीही उठत नाहीत.

पिएझोचा प्लास्टिकपणा दोन कारणांचा. एक, त्याला मोठा इनपुट इम्पीडन्स (इनपुटचा विजेला होणारा अडथळा) लागतो, एक मेगाओहम किंवा जास्त. साध्या लाइन इनपुटला लावलं तर खालचे सूर पातळ होतात. दोन, तो पुलाखालचा दाब ऐकतो, लाकडाची पेटी नाही. त्यावर अकूस्टिक बॉडीचे आयआर मिळतात, बऱ्याच प्रोसेसरांतही असतात. अर्धा पिएझो, अर्धा आयआर असं मिसळा. गाणं मात्र उघडीप बघूनच.

समुद्रकाठची | १२ जून, सकाळी ८:४५

उघडीप! इकडे सप्टेंबरपर्यंत? बरं, पहाटे चारला उठते. 

मालवणी_खाजा | १२ जून, सकाळी ११:२०

माजो एक प्रोसेसर गेल्या पावसात बंद पडलो. तांदळाच्या डब्यात तीन दिस ठेवलंय, काय उपयोग झालो नाय. घरात भात मात्र तोच खाल्लो.

तारवाला | १२ जून, दुपारी १२:०५

तांदूळ ओल फारसा ओढत नाही. सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा. रंगीत दाण्यांच्या पुड्या ओल्या झाल्या की रंग बदलतात, मंद आचेवर तापवून परत कोरड्या होतात. समुद्रकाठी नुसती ओल नाही, खारं वारंही. जॅकच्या, बटणांच्या आतले संपर्क हिरवे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारायचा, प्लग पाच-दहा वेळा आत-बाहेर करायचा. निम्मे ‘बिघडलेले’ डबे तेवढ्यावर उठतात. हा इलाज वीज काढून. आणि वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा, इंटरनेटची वायरही.

पायपेटी | १२ जून, दुपारी १:००

+१. आणि तारा. जुलैत साध्या तारा पंधरा दिवसांत गंजतात, कोटिंगवाल्या घ्या. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसा. मान पावसात फुगते, ॲक्शन (तारांची उंची) वर गेलं म्हणून लगेच ट्रस रॉड (मानेतली सळई) पिळू नका, आठवडाभर बघा.

कलमांतला_गिटारवाला | २१ जून, रात्री ९:१५

अहवाल. वायरमन आला. माजघरातल्या बोर्डालाही अर्थ नव्हतं, मेनला होतं. नवी वायर ओढली. मुंग्या बंद. लॅपटॉप चार्जरवर ठेवूनही घुंऽऽ आता फक्त फ्रिजकडे तोंड केल्यावर. या वीस वर्षांत किती जणांनी या बोर्डावर मिक्सर लावला असेल हे आठवून आईला घाम फुटला.

दुसरं, मुंबईच्या भावाने कोकणकन्येतून एक जुना दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) पाठवला. आता प्रश्न. यात एका इनपुटला ‘इन्स्ट’चं बटण आहे. प्रोसेसर त्यात लावू की गिटार? आणि उशीर अजून आहे.

प्लगिन_पंत | २१ जून, रात्री १०:३०

वा. आता खरी मजा.

‘इन्स्ट’ म्हणजे साधारण एक मेगाओहमचं इनपुट, ते गिटारीचं घर. गिटार तिथे थेट. लाइन इनपुटला गिटार लावली तर पिकअपवर ओझं येऊन वरचे सूर मरतात, गोधडीखालून ऐकल्यासारखं. प्रोसेसरचं आउटपुट मात्र लाइनला.

सगळ्यात जोरात झोडून बघा आणि लाल दिवा लागण्याच्या बराच आधी थांबा, मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास. २४ बिटला रेकॉर्ड करताना खाली जागा ठेवून काही गमावत नाही.

उशिराचं गणित बघा. विंडोजचा साधा ड्रायव्हर सोडून इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ (कमी उशिराचा ड्रायव्हर) घ्या. नसेलच तर एएसआयओ-फॉर-ऑल. मग बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी जमा करून घेतो तेवढा आवाज. ४८ हजारच्या सॅम्पल रेटला ५१२ सॅम्पल म्हणजे १०.७ मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. १२८ ला तेच २.७. वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर. एकूण दहाच्या आत आलं की बहुतेकांना जाणवत नाही. हवेत आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा फुटांवरचा पखवाज तुम्हाला नऊ मिलिसेकंद उशिरानेच ऐकू येतो, आणि भजन कधी त्यामुळे अडलेलं पाहिलं नाही. रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. वायफाय बंद करा, तेही अडखळवतं.

पायपेटी | २१ जून, रात्री १०:५२

आणि आठ जीबीच्या लॅपटॉपला १२८ झेपलं नाही, कडकड आवाज आले, तर? इथेच डबा कामाला येतो, पंत, कबूल करा.

प्लगिन_पंत | २१ जून, रात्री ११:१०

कबूल. अगदी मनापासून. गिटारचा सिग्नल दोन वाटांनी न्या. लिंक किंवा थ्रू (दुसरी वाट काढायचं तोंड) असलेला डीआय बॉक्स असेल तर उत्तम, साध्या वाय वायरनेही चालतं, फक्त दोन इनपुटांचं ओझं एकदम पडून वरचा चटका किंचित कमी होतो. एक वाट ‘इन्स्ट’मध्ये, कोरी. दुसरी प्रोसेसरमधून लाइन इनपुटला, रंगवलेली. इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरने ऐकायचा तो प्रोसेसरचा आवाज, त्यात लॅपटॉपचा उशीर शून्य. दोन्ही ट्रॅक रेकॉर्ड. प्रोसेसरचा आवडला तर तो ठेवा, नाही तर कोऱ्या ट्रॅकवर प्लग-इन, सावकाश, ५१२ बफरवर.

पायपेटी | २१ जून, रात्री ११:१४

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

समुद्रकाठची | २२ जून, सकाळी ७:३०

न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरबद्दल कुणी नीट सांगेल का? माझ्या भाच्याने शंभर फाइल्स उतरवून ठेवल्यात आणि वाजवत काही नाही.

प्लगिन_पंत | २२ जून, सकाळी ९:४५

भाच्याचा आजार सार्वत्रिक आहे.

खऱ्या अ‍ॅम्पमधून एक ठरलेला चाचणीचा आवाज सोडतात, बाहेर आलेला रेकॉर्ड करतात, आणि आत-बाहेरचा फरक न्यूरल नेटवर्कला शिकवतात. तयार होते ती छोटी फाइल. प्लग-इन फुकट आणि मुक्त स्रोत. पण एक फाइल म्हणजे अ‍ॅम्पच्या बटणांची एकच अवस्था. गेन कमी हवा तर दुसरी फाइल. डिले, रिव्हर्ब त्यात येत नाहीत. नुसत्या अ‍ॅम्पची फाइल असेल तर पुढे आयआर लावावा लागतो, अख्ख्या रिगची असेल तर नाही. माशीची निम्मी प्रकरणं यातच. जुन्या लॅपटॉपवर जड पडलं तर लाइट, फेदर, नॅनो अशा हलक्या जाती आहेत.

भाच्याला सांगा, तीन ठेव, सत्त्याण्णव पुस.

कलमांतला_गिटारवाला | १८ जुलै, रात्री १०:४०

दोन वाटांची पद्धत जमली. पहिल्या चालीत शेवटी प्रोसेसरचाच क्लीन आवाज ठेवला, थोडा कॉम्प्रेसर, बारीक डिले. दुसऱ्यात कोऱ्या ट्रॅकवर प्लग-इन. एकच चाल दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकली. आधी आळस करून एकाचीच कॉपी केली होती, ती दोन्हीकडे टाकल्यावर नुसती मोठी ऐकू आली, पसरली नाही. दोनदा वाजवल्यावर दोन वेगळ्या चुका झाल्या आणि त्या चुकांनीच आवाज रुंद झाला.

भजन देवळाच्या सभामंडपात, उघडीप बघून रेकॉर्ड केलं. आणि घोळ. पेटी (बाजाची, आंब्याची नव्हे) काळी पाचवर. तिसऱ्या घरावर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून जी चे आकार धरले, ट्यूनरवर सगळं हिरवं, तरी गिटार आंबट लागते.

जुना_ऑर्केस्ट्रावाला | १९ जुलै, सकाळी ८:०५

पेटी ४४० ला (ट्यूनरच्या नेहमीच्या हर्ट्झच्या मापाला) नसणार. जुन्या पेट्या क्वचितच असतात. ट्यूनरला आधी पेटीचा सा ऐकवा आणि काटा मधोमध येईपर्यंत ट्यूनरचंच कॅलिब्रेशन सरकवा, बऱ्याच प्रोसेसरांत ४३५ ते ४४५ पर्यंत सरकतं. मग गिटार त्यावर लावा. पेटी बदलत नाही, बुवा त्याहून बदलत नाहीत.

कलमांतला_गिटारवाला | २६ जुलै, रात्री ९:२०

४४३ निघाली. गिटार तीनही चालींत पुन्हा वाजवली, या वेळी फ्रिज बंद करून.

काल बुवांना हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून दोनदा ऐकलं. मग म्हणाले, “बरां झालाहा. ता मागे टुंगटुंग काय वाजता ता जरा कमी कर, पखवाज गावना नाय.”

सहा डेसिबल खाली घेतली.

मालवणी_खाजा | २६ जुलै, रात्री ९:३१

दीड म्हयनो गांधीलमाशी धरूक गेलो आणि बुवांनी फटक्यात मारल्यानी.

पायपेटी | २६ जुलै, रात्री ९:५०

बुवा बरोबर आहेत. एकट्या गिटारीला छान वाटणारा आवाज गर्दीत जाड होतो. खाली घेण्याआधी ती १५० हर्ट्झच्या खाली हलकेच कापून बघा, पखवाजाचा धुमा (डाव्या पुडीचा खर्ज) तिथेच राहतो. मग तीन डेसिबल परत वर आणता येतील, बुवांना न सांगता.

कलमांतला_गिटारवाला | २७ जुलै, रात्री १०:०२

कापलं. चार वर आणली. बुवांना अजून कळलेलं नाही.

पखवाजाला माइक कुठे ठेवायचा यावर वेगळा धागा काढतो, तिथे या सगळे. तारवालाकाका, अर्थिंगच्या खड्ड्याचं काही बघायचंय का? आमचं सगळं जांभ्यावर आहे.

तारवाला | २८ जुलै, सकाळी ६:४०

आता पाऊस भिजवतोय तोवर काही नको. जांभा वाळला की अर्थ पकडत नाही. होळीनंतर दर आठवड्याला कळशीभर पाणी खड्ड्यात, आणि कोळसा-मीठ शेवटचं कधी घातलं ते आईंना विचारून ठेवा. मी मार्चमध्ये हा धागा वर काढीन.